डाव्या पायाला ब्रेक

जुनी बुलेट पहिल्यांदा हातात देताना मालक बाकी काही सांगो न सांगो, एक गोष्ट सांगतोच: ब्रेक डाव्या पायाला आहे, लक्षात ठेवा. गिअर उजव्या पायाला. पहिला वर, उरलेले तीन खाली. इतर गाड्या चालवलेल्या माणसाला गिअर टाकणं दोन दिवसांत जमतं. ब्रेकचं तसं नाही. अचानक म्हैस आडवी आली की सवयीचा उजवा पाय खाली जातो आणि गाडी थांबायच्या ऐवजी तिचा वरचा गिअर पडतो. म्हणून जुनी बुलेट घेतल्यावर पहिला महिनाभर दुसरी मोटारसायकल न चालवलेली बरी.

ही उलटी रचना इंग्लंडची. तिकडच्या बहुतेक मोटारसायकली अशाच असत. 1970च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेने गिअर डाव्या पायालाच हवा असा नियम केला आणि हळूहळू सगळ्या जगाने तो उचलला. पण तोवर बुलेट इंग्लंडची राहिलीच नव्हती. भारतीय लष्कराने 1950च्या दशकाच्या सुरुवातीला सीमेवरच्या गस्तीसाठी 350 सीसीच्या 800 बुलेट मागवल्या. त्या पुरवता पुरवता इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एनफिल्डने 1955 मध्ये मद्रास मोटर्सला बरोबर घेऊन ‘एनफिल्ड इंडिया’ काढली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. आधी सुटे भाग आणून जोडणी, मग यंत्रसामग्रीच इकडे आली आणि 1960च्या दशकात सगळी गाडी इथेच बनू लागली. रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद पडला. मद्रासची बुलेट मात्र चालूच राहिली, जवळजवळ होती तशीच. 1994 मध्ये कंपनी आयशरकडे गेली, तरीही जुनं इंजिन 2000च्या दशकाच्या शेवटापर्यंत निघत होतं.

अर्धशतक न बदललेल्या या गाडीला कोणी मागासलेली म्हणेल. जुनी गाडी घेणाऱ्याचा मात्र त्यात मोठा फायदा आहे. 1975च्या बुलेटला लागणारा पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लच प्लेट आजही पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत मिळते. त्याच काळातल्या दुसऱ्या कुठल्याही गाडीचा भाग शोधायचा म्हणजे भंगारवाल्यांच्या दारात उभं राहायचं. लांबच्या प्रवासासाठी जुनी गाडी हवी असेल तर मी म्हणूनच बुलेट सुचवतो. प्रेमाचा भाग नंतरचा.

इंजिन 346 सीसीचं, सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90. ताकद 18 अश्वशक्ती, म्हणजे आजच्या 150 सीसीच्या गाडीला लाज वाटू नये एवढीच. पण लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील यांमुळे ही ताकद कमी फेऱ्यांतच मिळते. त्यामुळे चढावर सारखा गिअर खाली टाकावा लागत नाही. ताशी 60 ते 65 किलोमीटर हा तिचा खरा वेग. त्याच्या पुढे नेली की हँडल, आरसे, दात, सगळंच थरथरतं, आणि त्या थरथरीने नट ढिले होतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला तशीही बंदी आहे, तेव्हा घाई करून पोचायचं कुठे? जुना हायवे, घाट आणि तालुक्याचे रस्ते यांच्यासाठी हा वेग पुरेसा आहे.

या इंजिनाला सगळे ‘कास्ट आयर्न’ म्हणतात. प्रत्यक्षात बिडाचा असतो तो फक्त सिलिंडर. हेड आणि क्रँककेस ॲल्युमिनियमचे. कोणी विक्रेता ‘हेडसुद्धा कास्ट आयर्न, बघा’ असं छातीठोक सांगू लागला, तर त्याच्या बाकीच्या बोलण्यालाही तेवढीच किंमत द्यावी.

कोणत्या सालची घ्यावी? रेडिचची किंवा मद्रासची अगदी सुरुवातीची गाडी हौशी संग्राहकांची. तिच्यावर सामान बांधून कोकणात जायचं नसतं. 1970–80च्या दशकांतल्या गाड्या देखण्या, पण त्यांतल्या बऱ्याच 6 व्होल्टच्या. त्यांचा हेडलाइट रात्री जेमतेम आपला आपल्यालाच दिसतो. 1990 नंतरच्या 12 व्होल्टच्या ‘स्टँडर्ड 350’ प्रवासाला सगळ्यात सोयीच्या. 2001च्या ‘इलेक्ट्रा’ मॉडेलला ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. कटकट कमी झाली, पण वाटेत ते बंद पडलं तर गावातला फिटर हात वर करतो. पॉइंट मात्र पॉलिश पेपर घासून पुन्हा चालू करता येतात. माझी पसंती पॉइंटच्या गाडीला, 12 व्होल्टच्या.

आता कागदपत्रं. इंजिनाकडे बघण्याआधी ती बघावीत, कारण फुटलेलं इंजिन दुरुस्त होतं, फुटकं आरसी बुक होत नाही. चासी नंबर पुढच्या हेडस्टॉकवर आणि इंजिन नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो. रॉकेलने पुसून, बॅटरीच्या उजेडात, एकेक आकडा आरसीशी जुळवून पाहा. आकड्यांच्या आजूबाजूचा पत्रा घासलेला वाटला, आकडे वरखाली असले, तर चहा पिऊन उठा. 1989च्या आधीच्या गाड्यांना एमएच–बारा, एमएच–चौदा असा जिल्ह्याचा आकडा नसून तीन अक्षरं आणि पुढे नंबर असतो. अशा गाड्यांचं जुनं कागदी आरसी बुक बऱ्याचदा ‘वाहन’ पोर्टलवर चढलेलंच नसतं. नोंद नाही म्हणजे टॅक्स भरता येत नाही, ट्रान्सफर होत नाही, नवी एचएसआरपी नंबरप्लेटही मिळत नाही. ‘ते होऊन जाईल हो, एजंट आहे आपला’ या वाक्यावर पैसे देऊ नका. आधी ऑनलाइन नोंद करून आणा, मग व्यवहार, असं सांगा.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी फेरतपासणी करून नव्याने घ्यावी लागते. ती शेवटची कधी झाली ते पाहा. चुकली असेल तर दंड कोण भरणार ते आधी ठरवा. ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30 लागतात. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म 28, म्हणजे एनओसी. जुन्या बुलेटच्या बाबतीत आणखी एक हमखास निघतं: गाडी आजोबांच्या नावावर असते आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात. मग आधी वारसाने फॉर्म 31 भरून ती आपल्या नावावर करायची आणि त्यानंतर तुमच्या नावावर. यात नातेवाइकांच्या सह्या येतात आणि त्या मिळवायला गाडीच्या किमतीपेक्षा जास्त चहा लागतो. दिल्लीची गाडी स्वस्त दिसली तर तिच्या एनओसीची तारीख बघा. तिकडे पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे त्या मोठ्या संख्येने इतर राज्यांत विकल्या गेल्या आहेत.

पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर 2021च्या केंद्रीय नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. 20,000 रुपये शुल्क, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. ऐकायला छान वाटतं. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं अशा मोजक्या कारणांनाच मुभा आहे. फिरायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

गाडी बघायला जाताना आदल्या दिवशी फोन करून एकच विनंती करा: सुरू करून ठेवू नका, मला गार इंजिन हवंय. तिथे गेल्यावर पहिल्यांदा सिलिंडरला हात लावा. कोमट लागला तर मालकाने आधी किक मारून मारून ती चालू केलेली आहे आणि गार गाडी सुरू होताना काय करते ते तुम्हाला दाखवायचं नाही.

बुलेट सुरू करण्याची रीत ठरलेली आहे. हेडलाइटच्या टोपीवर एक ॲमीटर दिसेल. चावी फिरवा आणि किक हळूच खाली दाबत जा. पॉइंट जुळलेले असतील तर काटा वजा बाजूला झुकतो, उघडले की मध्यावर येतो. किक जिथे कडक लागते तिथे डाव्या हाताचा छोटा डिकॉम्प्रेशर लिव्हर ओढून पिस्टन जरासा पुढे काढायचा, लिव्हर सोडायचा, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण पाय खालपर्यंत, एकाच दमात. जोर लागत नाही, वजन लागतं. जुळवलेली गाडी दुसऱ्या–तिसऱ्या किकला धरते. पायाला उलटा दणका देणारी ‘बॅक किक’ आली तर टायमिंग पुढे गेलेलं आहे, नाहीतर ऑटो ॲडव्हान्सच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या आहेत. हे दुरुस्त होतं. पण ‘बुलेट म्हटलं की बॅक किक मारणारच’ असं म्हणणाऱ्या मालकाने गाडीकडे कधी लक्ष दिलेलं नाही, एवढं कळतं.

सुरू झाल्यावर धूर बघा, पण घाईने निकाल देऊ नका. या इंजिनात ऑइलची टाकी क्रँककेसच्याच मागच्या भागात असते. गाडी महिना–दोन महिने उभी राहिली की ऑइल पंपातून झिरपत क्रँकखाली जमतं आणि सुरू केल्यावर निळ्या धुराचा लोट येतो. दोन मिनिटांत तो थांबला तर काळजी नको. रेस केल्यावर प्रत्येक वेळी धूर आला तर रिंगा किंवा बोअर गेलेला. उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर भस्सकन आला तर व्हॉल्व्हचे गाइड. बोअर आधी किती वेळा झालाय ते विचारा. पिस्टन मूळ मापाच्या पुढे ट्वेंटी, फॉर्टी, सिक्स्टी असे मिळतात, म्हणजे इंचाचे इतके हजारांश भाग मोठे. सिक्स्टी बसवून झालं असेल तर पुढच्या वेळी सिलिंडरला स्लीव्ह घालावी लागणार. तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

इंजिन तापल्यावर हेडवर गेलेल्या ऑइलच्या नळीचा बँजो बोल्ट अर्धा आटा ढिला करायला सांगा. तिथून ऑइल पाझरलं पाहिजे. पाझरलं नाही तर गाडी तिथेच बंद करायची. मग बारकी कामं: पुढचा ब्रेक दाबून हँडल मागे–पुढे हलवा, ‘टक’ झालं तर स्टिअरिंगचं बेअरिंग, मागचं चाक आडवं हलवून बघा, हललं तर स्विंग आर्मचे बुश. पेट्रोलची टाकी उघडून आत बॅटरी मारा. बाहेरून सोनेरी पट्टे आणि आत गंज हे चित्र नेहमीचं आहे.

यावरूनच मुद्द्यावर येतो. बाजारात आज सगळ्यात महाग असते ती ‘फुल रिस्टोअर्ड’ गाडी: नवा रंग, नवं क्रोम, पॉलिश केलेलं क्रँककेस. माझ्या मते प्रवासासाठी तीच सगळ्यात वाईट खरेदी. विकण्यासाठी केलेल्या रिस्टोरेशनमध्ये पैसा दिसणाऱ्या भागांवर जातो, आणि क्रँक, गिअरबॉक्स, व्हॉल्व्ह कोणी उघडत नाही. त्यापेक्षा रंग उडालेली, पण आठवड्यातून दोनदा तालुक्याला जाणारी, एकाच फिटरने दहा वर्षं पाहिलेली गाडी घ्या. शक्य झालं तर त्या फिटरला भेटा. त्याला काय माहीत आहे ते मालकाला माहीत नसतं.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे ऑइल, ते किती जुनं आहे याची चौकशी न करता बदलायचं. 20-50 ग्रेडचं घाला आणि पुढे दर दोन–अडीच हजार किलोमीटरला बदला. उजव्या अंगाला लोकरीचा फिल्टर असतो. तो काढून बदलताना स्प्रिंग आणि वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने गेले पाहिजेत. उलटे बसले तर क्रँकवरच्या बिग एंड बेअरिंगला ऑइल पोचत नाही आणि काही दिवसांत खालून ठोकल्यासारखा आवाज येऊ लागतो. टायमिंगच्या बाजूलाच पंप फिरवणारा वर्म नट आहे, त्याला डावे आटे आहेत. नवख्या मेकॅनिकने तो नेहमीच्या दिशेने जोर लावून तोडल्याचे प्रकार सर्रास होतात. त्याने पाना लावण्याआधी ‘उलटे आटे आहेत ना?’ असं सहज विचारा.

टॅपेट हे बुलेटवरचं सगळ्यात समाधान देणारं काम, आणि ते प्रत्येक मालकाला आलं पाहिजे. सिलिंडरच्या उजव्या बाजूला, खालच्या अंगाला, एका नटावर बसवलेलं झाकण आहे. ते काढलं की दोन पुशरॉडची खालची टोकं दिसतात. इंजिन पूर्ण गार हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणायचा. मग अंगठा आणि तर्जनी यांमध्ये पुशरॉड धरून फिरवून बघायचा. त्याने सहज गिरकी घेतली पाहिजे, पण वर–खाली अजिबात हलता कामा नये. घट्ट फिरला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. वर–खाली हलला तर टॅपेट टकटक वाजतात. छोटे पाने लावून ॲडजस्टर किंचित फिरवायचा, लॉकनट आवळायचा, आणि आवळल्यावर पुन्हा एकदा बोटांनी बघायचं, कारण लॉकनट आवळताना माप हटकून हलतं. फिलर गेज लागत नाही. पॉइंटला मात्र गेज लागतं: पूर्ण उघडल्यावर 0.35 ते 0.40 मिलिमीटर.

डाव्या बाजूच्या केसमध्ये प्रायमरी चेन आणि क्लच असतात. तिथलं ऑइल स्वतंत्र, आणि ते गळतं. गिअरबॉक्सही वेगळा आणि तोही गळतो. घराबाहेर फरशीवर पुठ्ठा टाका आणि रोज सकाळी डाग बघा. नेहमीएवढेच थेंब असतील तर गाडी ठीक आहे. थेंब वाढले तर चिंता, आणि एकदम थांबले तर जास्त चिंता: ऑइल संपलेलं असू शकतं. गिअरबॉक्सला टाचेने दाबायचा एक वेगळा लिव्हर आहे, त्याने पहिला सोडून कोणत्याही गिअरमधून थेट न्यूट्रल पडतो. सिग्नलला त्याचा इतका उपयोग होतो की नव्या गाड्यांनी तो का सोडला हे मला कळलेलं नाही.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला फुगवतं. पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर, कार्बोरेटरमधली रबरं नव्या पेट्रोलला चालणारी घालून घ्या. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करा आणि टाकी मात्र भरून ठेवा, रिकाम्या टाकीतच गंज धरतो. सायलेन्सर मूळचाच ठेवा. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरने मिश्रण बिघडतं, शिवाय जप्त केलेल्या अशा सायलेन्सरवरून पोलीस रोडरोलर फिरवतात, त्याचे फोटो आपण पेपरात बघतोच.

प्रवासाच्या पिशवीत एक पॉइंट सेट, कंडेन्सर, प्लग, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली, चेनची एक कडी, एक ट्यूब. पॉइंट सेट आणि कंडेन्सर दुकानातून आणून तसेच पिशवीत टाकू नका. बाजारात नकली माल भरपूर आहे. नवा सेट आधी गाडीला लावून आठवडाभर चालवा, तो नीट चालला की काढून पिशवीत ठेवा आणि जुना पुन्हा चढवा. नवी केबल तर जुन्या केबलच्या शेजारीच ओवून, टोकं मोकळी ठेवून, बांधून टाकता येते. तुटली की पाच मिनिटांचं काम. वरंधा किंवा आंबोलीसारखा घाट उतरताना ब्रेकवर विसंबू नका. ड्रम ब्रेक तापले की सोडून देतात. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

आणि पहिलीच मोठी सहल लडाखची ठरवू नका. आधी दीड–दोनशे किलोमीटरची एक फेरी मारा, संध्याकाळपर्यंत घरी परत येता येईल अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, हेडपासून मडगार्डपर्यंत प्रत्येक नटाला पाना लावून बघा आणि कुठले ढिले झाले ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या फेरीनंतरही तेच नट ढिले निघाले तर त्यांना स्प्रिंग वॉशर किंवा लॉकनट घाला, आणि मग लांबचा बेत आखा.